दक्षिणेची खिडकी

डल्सी ट्रेवीनने टास्मानियातल्या ह्युऑन खोऱ्यात अडतीस वर्षं सफरचंदं पेट्यांत भरली. प्रत्येक पेटीवर भरणारीचा नंबर असे. एक फळ डागी निघालं की पेटी परत येई आणि सगळ्यांसमोर उघडली जाई. डल्सीचा नंबर अकरा. तिची पेटी कधी परत आली नाही.

म्हणून नातीची वही पाहून तिचा तिळपापड झाला. नऊ वर्षांच्या टेगनने शाळेच्या कागदाबरहुकूम ओल्या कापसावर घेवडा रुजवला होता. एक बरणी बंद कपाटात, एक खिडकीत. तीन आठवडे रोज चमचाभर पाणी, रोज पट्टीने माप. तरी खिडकीतलं रोप कपाटातल्यासारखंच लांबुडकं, पिवळट. वर लाल शेरा : ‘काळजी घेतली नाही. मापं मनाने लिहिली.’

“आजी, एक दिवसही चुकवला नाही गं मी.”

“ठाऊक आहे. तो कागद आण.”

कागदावर छापलं होतं : बरणी दक्षिणेच्या खिडकीत ठेवा. पोरीने ठेवली होती. न्हाणीघरात. बाहेर दरड, ऑगस्टातल्या हिवाळ्यात तिथे टॉवेलसुद्धा वाळत नाही.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत डल्सी बरणी, वही आणि तो कागद घेऊन शाळेत गेली. पास्को मास्तर सँडविच खात होता. चूक कागदाची आहे, असं तिने सांगितलं.

“छापील कागद आहे, बाई. तो कसा चुकेल?”

“बाहेर चल.”

“जेवतोय मी.”

“तुझी आई माझ्या शेजारी पेट्या भरायची. ती घास टाकून आली असती. ऊठ.”

पटांगणात तिने विचारलं, “सूर्य कुठंय?”

“तो काय, डोंगरावर.”

“कुठल्या दिशेच्या?”

मास्तरने डोळ्यांवर हात धरून पाहिलं. मग म्हणाला, “उत्तरेच्या.”

“मग दक्षिणेच्या खिडकीत काय डोंबल ऊन मिळणार? कागद पार दुसऱ्या टोकाच्या देशातला, तिथे ऊन दक्षिणेकडून येतं. तू तर इथेच जन्मलास! पोरीने सांगितलं ते केलं. तू मान वर करून पाहिलंही नाहीस. काळजी कोणी घेतली नाही?”

“पुन्हा करू दे तिला. उत्तरेच्या खिडकीत.”

“करेल. आधी हे खोड.”

त्याने शेरा खोडला.

“लिही, मापं खरी आहेत.”

त्याने लिहिलं. डल्सीने वाचलं आणि वही परत त्याच्यापुढे धरली.

“सही कर. पेटीवर नंबर लागतो.”