आठ खोल्या आणि एक फौजी

विद्यार्थ्यांना खोल्या भाड्याने दिल्या की आधी भिंतींवरचे खिळे वाढतात, मग किस्से. खिळे खोली रिकामी करताना उपटता येतात. किस्से राहतात.

सांगलीत कॉलेजजवळ आमच्या आठ खोल्या आहेत. घ्यायची कल्पना बायकोची, सुमनची. मी साताऱ्याचा, छापखान्यात मुद्रितं तपासणारा. मला पुण्यातला एखादा फ्लॅट बरा वाटत होता. ती म्हणाली, "फ्लॅटचा भाडेकरू गेला की कुलूप. आठ पोरं काय एकदम जात न्हाईत!"

ती आष्ट्याची. तिच्यापुढे मुद्दा मांडता येत असे, टिकवता येत नसे.

गेल्या दिवाळीनंतर ती गेली. मुलगी म्हणाली, "बाबा, विकून टाका. आठ मुलं तुम्हाला आवरायची नाहीत." मी एक वर्ष मागून घेतलं.

*

खोली बघायला आलेल्या प्रत्येकाला सुमन एकच प्रश्न विचारी. "टाकी भरली की मोटर कोण बंद करणार?"

सगळे म्हणत, "मी, काकू!" एकजण म्हणाला, "काकू, मी विसरीन."

"हा खरं बोलतोय. ह्याला चावी द्या!"

वर्षभर टाकी वाहिली. मुलगा मात्र शेवटपर्यंत खरं बोलत राहिला.

*

खोलीत शेगडी चालणार नाही, हा आमचा नियम. कवठे महांकाळचा एक मुलगा होता. त्याची आई एसटीने डबा पाठवायची. एकदा सुमन वर गेली, तर हा इस्त्री उलटी धरून तिच्यावर भाकरी गरम करतोय!

"हे काय रं?"

"काकू, तुमी शेगडी न्हाई म्हणालात. इस्त्रीचं काय बोलला न्हाई."

लॉ कॉलेजचा होता. सुमनने भाकरीचा तुकडा मोडून खाल्ला आणि म्हणाली, "कॉलर जरा कडक झालीय."

*

मी जिन्यात दिसलो की मुलं छाती काढून उभी राहत. "गुड मॉर्निंग, सर!" सांगलीत शिकणारी मुलं फार शिस्तीची, असं मी साताऱ्यात अभिमानाने सांगत असे.

सुमन गेल्यावर रोहित नावाच्या मुलाने भीतभीत विचारलं, "काका, तुमी बॉर्डरवर कवा होता?"

"मी?"

"काकू सांगायच्या. हे मिलिटरीत होते, म्हणून लय बोलत न्हाईत. बघितलेलं बोलवत न्हाई त्यांना."

मी आयुष्यात पाहिलेली सर्वांत भयंकर गोष्ट म्हणजे एकादशी चुकलेलं पंचांग. ते सांगायला तोंड उघडलं, आणि मुलीचं वाक्य आठवलं. आठ मुलं आवरायची नाहीत.

मी गप्प बसलो. रोहित आणखी ताठ उभा राहिला.

*

जूनमध्ये म्हसवडचे एक गृहस्थ मुलाला सोडायला आले. निवृत्त सुभेदार. मिशा अजून नोकरीत असल्यासारख्या. रोहितने उत्साहाने त्यांना जिन्यातच सांगितलं, "आमचे काकापण फौजी हायत!"

सुभेदार थेट माझ्या दारात. मागे जिन्यावर सगळी मुलं.

"साहेब, युनिट कुठलं?"

आता संपलं, असं वाटलं. खोल्या विकायची जाहिरात कशी लिहायची, हेही डोक्यात येऊन गेलं.

"सप्लाय," मी म्हणालो. छापखान्यातून पंचांगांचे गठ्ठे पुरवले होते. अगदीच खोटं नव्हतं.

त्यांनी माझे खांदे पाहिले. चष्मा पाहिला. बोटावरची लाल शाई पाहिली.

"आन् तुमचे कमांडिंग ऑफिसर कोण?"

मी भिंतीकडे हात केला. तिथे सुमनचा फोटो होता, चंदनाचा हार घातलेला.

सुभेदारांनी फोटो पाहिला. मग टाचा जुळवल्या आणि कडक सॅल्यूट ठोकला.

हात खाली आल्यावर मुलाकडे वळून ओरडले, "बघतोस काय? बॅग आत घे रं!"