आऱ्याचं बटन

लाइट गेली की मी अजूनही आधी उठते. घरी असले तरी. मिक्सर, इस्त्री, कूलर, सगळ्यांची बटनं बंद करत फिरते. नवरा म्हणतो, "अगं, बस की जरा." बसवत नाही.

आठवीत शाळा सोडलेली मी, वाशीमकडची. नवऱ्याला दिल्लीतल्या द्वारकेत गाडी चालवायचं काम मिळालं म्हणून इतक्या लांब आले आणि पुढे गुरुग्राममधल्या एका लाकूडकामाच्या कारखान्यात लागले. ऑफिसांसाठी ट्रॉफ्या, नावाच्या पाट्या असलं काही काही तिथे बनतं. मालकीण पुण्याच्या. बाकीचे त्यांना मॅडम म्हणतात, मी ताई. त्यांनी माझ्याकडे शाळेचा दाखला मागितला नाही. "हात दाखव," म्हणाल्या. बघितले आणि म्हणाल्या, "चालतील. उद्यापासून ये." एवढंच. ते मी विसरणार नाही.

काम शिकवलं उस्तादजींनी. मेरठकडचे, साठीचे, उभा जन्म आऱ्यावर गेलेला. आरा म्हणजे टेबलाच्या फटीतून अर्धी वर आलेली गोल करवत. पहिले चार दिवस त्यांनी मला लाकूड दिलंच नाही. फक्त चालू आणि बंद. ओढणी खोच. बांगड्या काढून ठेव. टेबलावर पाना, पेन्सिल राहिलीय का बघ. मोठ्याने "चालू" म्हण, मग बटन. बंद केल्यावर पातं पूर्ण थांबेपर्यंत हात मागे. झोपेतसुद्धा मी तेच करत होते.

पण हेच उस्तादजी लाइट गेली की बटन तसंच चालू सोडायचे. सगळेच सोडायचे, तिथली रीतच ती. लाइट गेली की चहा, बिडी, मोबाइल. परत आली की मशिनी आपोआप घरघरायला लागायच्या, की सगळे उठले. तीच आमची घंटा. ताई ओरडल्या की दोन दिवस बटनं बंद व्हायची, मग पुन्हा तेच.

मला ते बघवायचं नाही. मी फिरून एकेक बटन बंद करायचे. "आ गई बटनवाली!" रंधा मशीनवरचा गडी शर्टाचं उघडं बटन पुढे करून म्हणायचा, "भाभी, मेरा भी बंद कर दो." मी हसायचे. मात्र माझ्यामुळे लाइट आलेली कुणाला कळायची नाही, पाच-दहा मिनिटं फुकट जायची. एकदा माल उशिरा निघाला आणि उस्तादजी भडकले. "मेरी मशीन को हाथ मत लगाना. इस उमर में तू मुझे सिखाएगी?"

मी मान हलवली. ज्यांनी शिकवलं त्यांच्यापुढे काय बोलणार?

तीन-चार दिवसांनी भर दुपारी लाइट गेली. उस्तादजींच्या आऱ्यात सागाचा तुकडा अर्धवट कापून अडकला. ते वाकले आणि दोन्ही हातांनी तो हलवू लागले. बटन चालू. मी चार पावलांवर, हातात पॉलिशपेपर. मला सगळं दिसत होतं. एक हाक पुरली असती. मी नुसती उभी. डोक्यात काय होतं सांगू? हे चिडले, ताईंना सांगितलं, काम गेलं, आणि मी सामान घेऊन वाशीमच्या गाडीत बसलेय.

तुकडा निघेना. पाचर घ्यायला उस्तादजी मागे वळले, आणि लाइट आली. आरा किंचाळला. तुकडा उडून भिंतीवर आदळला.

उस्तादजींनी बटन बंद केलं. पातं थांबेपर्यंत हात मागे धरून उभे राहिले, मला शिकवलं होतं अगदी तसे. मग माझ्याकडे बघितलं.

"तू देख रही थी?"

"जी."

"तो बोली क्यों नहीं?"

"आपने मना किया था."

वाटलं, आता शिवी येणार. ते नळावर गेले आणि बराच वेळ तोंड धूत राहिले.

ताईंना त्यांनी स्वतःच सांगितलं, "गलती मेरी थी." ताईंनी मला बोलावलं. "अगं, त्यांचा राग चार दिवसांत गेला असता. बोटं परत आली असती का?" मग त्यांनीच बजावलं, "बटनाच्या बाबतीत कुणाचं ऐकायचं नाही. माझंही नाही, समजलं?"

दुसऱ्या दिवशी उस्तादजी येताना होल्डर आणि लाल बल्ब घेऊन आले. स्टुलावर चढून दारावर लावला. "लो, ये रही घंटी. ये जला तो लाइट आ गई. अब सबके बटन बंद रहेंगे."

"उस्तादजी, किसकी शादी है?" रंधावाल्याने विचारलं.

"तेरी तेरहवीं है. चल, बटन बंद कर."

आता लाइट गेली की मी आधी आऱ्याकडे जाते. मी पोचायच्या आत बटन बंद झालेलं असतं. तरी मी वाकून बघतेच. उस्तादजी दोन्ही हात वर करून पंजे पसरतात. "गिन ले, बटनवाली. पूरी दस हैं."

सगळे हसतात. मीही हसते. पण मी मोजते.