गर्दीपासून बाजूला

माधवनगरच्या एका कापड गिरणीत बत्तीस वर्षं माग चालवून शमुवेल तात्या आवळे घरी बसले, तेव्हा त्यांचे कान जवळजवळ गेलेच होते. माणसांची तोंडं हलायची आणि पाण्याखालून कुणी बोलावं तसं काहीतरी लांबून यायचं. पण सकाळचा नेम त्यांनी सोडला नाही. अंघोळ झाली की ओट्यावर बसायचं, बायबलातलं शुभवर्तमान उघडायचं, चार-पाच वचनं मोठ्यानं वाचायची आणि डोळे मिटून त्या गोष्टीत शिरायचं.

शिरायचं म्हणजे खरंच शिरायचं. येशू जिथं फिरला त्या गालीलाच्या सरोवरावर कृष्णेसारखंच धुकं असायचं. ओल्या जाळ्याचा वास यायचा. लोक जरा सरकून तात्यांना जागा द्यायचे.

आत त्यांची बायको साळूबाई चहा ठेवायची. या वाचनाबद्दल ती कधी अवाक्षर बोलली नाही. तिला त्यात गोडी नसावी, असंच ते धरून चालले होते.

गेल्या दिवाळीनंतर साळूबाई मिरजेच्या दवाखान्यात वारली. शेवटी तिचे ओठ हलले, तशी मुलगी प्रांजल तिच्या तोंडाशी वाकली. तात्या पायथ्याशी होते. त्यांना दिसलं, ऐकू काहीच आलं नाही. पुढं घर माणसांनी भरलं. जो तो त्यांच्याशी ओरडूनच बोले. बायकोचे शेवटचे शब्द असे चारचौघांत ओरडून सांगितले जावेत, हे त्यांना सोसलं नसतं. त्यांनी विचारलंच नाही. महिने गेले.

मग एकदा पुस्तक उघडलं ते येशूनं बऱ्या केलेल्या बहिऱ्या माणसाच्या गोष्टीवर. तात्या तिथंच थांबले. रोज त्या गर्दीत जाऊन उभे राहू लागले. सगळे एकदम बोलतायत, त्या माणसाला पुढं ढकलतायत, आणि त्याला नुसती तोंडं दिसतायत. एका सकाळी, चाळीस वर्षं नुसतं वाचून पुढं गेलेलं एक वाक्य त्यांना अडवून उभं राहिलं. येशूनं आधी त्याला गर्दीतून बाजूला नेलं. कानांत बोटं घातली ती नंतर. मिटल्या डोळ्यांपुढं एका भिंतीची सावली होती, सावलीत दोघंच. येशूनं वर पाहून उसासा टाकला, आणि तो ऊबदार श्वास तात्यांना आपल्या गालावर जाणवला.

रविवारी प्रांजल मुलाबाळांना घेऊन आली. तात्यांनी तिचं मनगट धरलं.

"चल जरा माझ्यासंगं."

"आवं तात्या, जेवणं व्हायची हायत," ती ओरडून म्हणाली.

"मागनं जेवू."

बंद गिरणीच्या भिंतीलगत, लिंबाखाली ते तिला घेऊन गेले.

"तुझी आय शेवटाला काय म्हनली गं?"

प्रांजलनं त्यांच्या कानाशी तोंड नेलं आणि न ओरडता, एकेक शब्द सुटा करत सांगितलं, "म्हनली, नावंत पानी शिरलं हुतं, तितवर वाचलं त्यांनी. म्होरलं वाचाय सांग."

तात्या खाली बसले. साळूबाईला दवाखान्यात न्यावं लागलं त्या सकाळी ते येशूच्या नावेवर आलेल्या वादळाची गोष्ट वाचत होते. आत भांडं पडलं, ते त्यांना ऐकू आलं नाही. शेजारीण धावत आली तेव्हा पुस्तक तसंच पालथं टाकून ते उठले होते. म्हणजे ती रोज ऐकत होती. एकही दिवस न चुकवता.

"तुमी इचारलं न्हाई, मला वाटलं तुमाला सोसायचं न्हाई," प्रांजल त्यांच्या शेजारी मातीत बसून कानाशी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तात्या ओट्यावर बसले नाहीत. स्वयंपाकघरात पाट मांडला आणि नावेत पाणी शिरलं होतं तिथून पुढं वाचलं. वारा पडला. लाटा निवल्या. त्यांनी डोळे मिटले. सरोवर कसं आरशासारखं शांत झालं होतं, आणि भिजलेला पदर पिळत साळूबाई नावेच्या कडेला बसली होती.