तपासणीचं पाणी

पीएचडी करणाऱ्याचं एक असतं. प्रबंधाचं पान महिन्याला एक सरकतं, किस्से मात्र रोजच्या रोज जमा होतात! पेणच्या आमच्या कॉलेजात संशोधनाची खोली एक, पंखा एक आणि आम्ही तिघं. क्वांटम फिजिक्सवाले म्हात्रे सर, आयसीयूतल्या सिस्टर वैशालीताई आणि गावोगावचं पिण्याचं पाणी तपासणारी मी. तिघांचा एकमेकांशी संबंध काय म्हणाल, तर चहा!

*

म्हात्रे सरांच्या आईनं गावभर सांगून ठेवलेलं, "माझा पोर डोल्यांना दिसत नाय त्याचा शोध लावतो." एका रविवारी जोह्याहून एक काका थेट घरी हजर. "मास्तर, आमची म्हैस चार दिस दिसत नाय. बघा जरा."

सरांनी अर्धा तास इलेक्ट्रॉन समजावला. काकांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि उठताना विचारलं, "म्हंजे म्हशीचं नाय जमनार?"

*

वैशालीताईंचा विषय म्हणजे आयसीयूत कोण किती वेळा हात धुतं. त्या वही घेऊन कोपऱ्यात बसल्या मात्र, स्टाफ असा हात धुवायला लागला की दुपारपर्यंत साबण खलास! एक डॉक्टर तर पेशंटकडे न जाताच तीनदा धुऊन आले. वर विचारतात, "सिस्टर, माझं लिहिलंत ना?"

गाईडनं वही बघून कपाळाला हात लावला. "अहो, असं आयसीयू स्वर्गात तरी असेल का?"

*

ताईंना मी पोट धरधरून हसले. आता माझी पाळी आहे हे कुठे ठाऊक होतं!

रोह्याकडचं एक गाव. पोरांना सारखे जुलाब. विहिरीचं पाणी घरोघरी भरून ठेवतात, त्यातलंच थोडं बायका मी सकाळी वाटलेल्या बाटल्यांत ओतून ठेवायच्या, दुपारी मी गोळा करायचे. आणि रिपोर्ट? तीन महिने एकदम शुद्ध! सरपंच खूश. "पाणी चांगलं असताना नळयोजना हवी कशाला?"

एकदा मी बाटल्या न्यायला वेळेआधीच गेले. गावातली भागीकाकी माझी बाटली चक्क विकतच्या जारमधून भरत होती!

"काकी, हे काय?"

"अगो बाय, तपासनीला जातंय पानी. विहिरीचं घान पानी देऊन गावाची इज्जत घालवू?"

"मग तुम्ही काय पिता?"

"आमी विहिरीचंच. आमाला कोन तपासतंय?"

हसावं की रडावं कळेना. तिचाच नातू त्या आठवड्यात जुलाबांनी सुकून वैशालीताईंच्या आयसीयूत सलाइनवर होता. मी तिथेच ओटीवर बसून रडले.

*

खोलीत येऊन हे सांगितलं तर म्हात्रे सरांनी टेबलावर थाप मारली. "हेच ते! बघायला गेलं की बदलतं! इलेक्ट्रॉनचं आम्ही कधीपासून हेच बोंबलतोय!"

वैशालीताई कडाडल्या, "सर, तुमच्या इलेक्ट्रॉनला जुलाब होत नाहीत हो!"

दुसऱ्या दिवशी सर स्वतः बाइकवर मला घेऊन विहिरीवर आले, दोर ओढायला. त्या पाण्याचा रिपोर्ट इतका वाईट आला की मी दोनदा तपासलं.

*

मग ग्रामसभा. मी नवा रिपोर्ट वाचला आणि सरपंच उसळले. "तीन महिने शुद्ध आनि आज घान? मॅडम, तुमचं मशीन बिघडलंय!"

गाव माझ्याकडे बघतंय. जुने नमुने खोटे होते हे सिद्ध करायचं तर बायकांनीच कबूल करायला हवं. चारचौघांत त्या कशाला कबूल करतील? नळयोजना गेली, पोरं पुन्हा तेच पाणी पिणार, असंच मी धरून चालले.

तेवढ्यात भागीकाकी उठली. नातू कडेवर, दवाखान्यातून दोनच दिवसांपूर्वी घरी आलेला. "मशीन बरं हाय. मीच जारचं पानी दिलं. आनि मी एकटी नाय. हात वर करा गो सगल्या!"

कुणी हलेना. काकी एकेकीकडे बघत उभीच. अखेर एक हात वर झाला, अगदी पुढच्या रांगेतला. सरपंचांच्या बायकोचा!

"अगो, तू पन?" सरपंच खुर्चीतून उठलेच.

"व्हय! आनि जार पंचायतीतून आनलेला. तुमच्या टेबलाशी ठेवतात ना पियाला, तो!"