येते म्हणू नको, जाते म्हण

पोरं अंगणवाडीत सोडून आम्ही आया लगेच घरी जात नाही. पायरीवर बसतो, एकमेकींच्या खोड्या काढतो. असे किस्से इतके साठलेत की आधी कुठला सांगू तेच कळत नाही.

पहिला आमच्यातल्या मंगलचाच सांगते. आमच्या शेणवे गावात पोराला सोडून जायची एकच रीत. "ती बघ चिमणी" म्हणायचं, पोरगं वर बघतं, तोवर आई पसार. मंगलने तेच केलं. दुसऱ्या दिवशी अंगणवाडीच्या बाईंनी चिमणीचं चित्र दाखवलं, तर तिच्या पोराने भोकाड पसरलं. बाई म्हणाल्या, "मंगल, ह्याला चिमणी चावली का गो?"

*

सगळ्या हसल्या. मला हसू येईना. माझं माहेर मुरबाडकडे, सिद्धगडाच्या पायथ्याला. दिवाळी झाली की आईबाबा वीटभट्टीवर जायचे, मला मावशीकडे ठेवून. एकदा आई म्हणाली, "येते गो, लाकडं घेऊन." ती आली पावसाच्या तोंडावर. मी पहिलं विचारलं, "लाकडं कुठंत?"

*

लग्नानंतर नवरा पहिल्यांदा कामावर निघाला. दारात म्हणाला, "येतो." मी त्याची चप्पल लपवली. सासू म्हणाली, "अगो, तो कल्याणला चाललाय, भट्टीवर नाय."

संध्याकाळी आसनगाव स्टेशनावरून घरी यायला त्याला उशीर झाला की माझ्या छातीत धडधड. शेवटी त्याने खिशातून लोकलचा पास काढला. "हा बघ. महिनाभर तरी येणारच."

"आणि महिना संपल्यावर?"

तेव्हापासून नवा पास काढला की आधी मला दाखवतो.

*

ही धडधड माझ्या सोनीला द्यायची नाही, एवढं ठरवलं होतं. तिला अंगणवाडीत घातलं तेव्हा चिमणी दाखवली नाही. समोर बसून सांगितलं, "सोने, मी जाते. खिचडी खाऊन झाली की येते."

सासू म्हणाली, "जाते म्हणू नये गो. बरं दिसत नाय."

"बरं नको दिसू दे. खरं हाय ना?"

सोनी रडायची, मी कुंपणाआड रडायची. पण खिचडीच्या टायमाला रोज दारात हजर. एक दिवस बाई म्हणाल्या, "तुझी पोर आम्हालाच घाई करते. म्हणते, खिचडी वाढा लवकर, आय उभी असंल."

*

गेल्या वर्षी आई चार दिवस राहायला आली. जायच्या दिवशी सोनी अंगणात खेळत होती. आईने पिशवी उचलली, मला डोळ्यानेच खुणावलं आणि मागच्या दाराने निघाली. सोनीने बघितलं, ती धावत मागे आली.

"आजे, चोरून नाय जायचं. जाते म्हण. नि कंदी येशील ते सांग."

आई वळली. पिशवी खाली ठेवली आणि सोनीकडे नाही, माझ्याकडे बघून म्हणाली, "जाते गो."

मी तांदूळ निवडत होते. मान वर न करता विचारलं, "कंदी येशील?"

"लावणी उरकली की."

लावणी उरकली आणि आई आली. यष्टीतून उतरली ती डोक्यावर लाकडांची मोळी घेऊन.

सासू म्हणाली, "विहीणबाई, आमच्याकडं आता गॅस हाय."

"असू दे," आई म्हणाली. "हिनं विचारली होती."