परातीवरचं नाव

आमच्या गावात आजवर कुणीही कुणाची परात चोरलेली नाही. (एक अपवाद सोडून. त्याच्यावर येतोच.)

चक्रीवादळ आलं आंध्रच्या किनाऱ्यावर. आमचा आणि समुद्राचा संबंध मिठापुरता! पण त्याचा पाऊस आमच्या बोरी गावाकडे वळला आणि सकाळी नऊच्या सुमारास ओढा चपला न काढता आमच्या घरात शिरला. माझी बायको सुमन भाकरी थापत होती. ती उडी मारून बाजेवर चढली, आणि आमची पितळी परात भिजवलेल्या पिठासकट दारातून तरंगत निघून गेली. माहेरी निघालेल्या सुनेसारखी, मागे वळूनही न बघता!

दुपारी पाणी ओसरलं.

"वाहून गेली असंल," सुमन म्हणाली.

"वाहून जाईल कुठं? उतारावर घर एकच हाय. दिगूतात्याचं!"

दिगूतात्या आमचे शेजारी, वयानं वडलांसारखे. पण पुरात चांगल्या माणसाचेही हात लांब होतात, असं माझं ठाम मत. (त्याच दुपारी झालेलं.) मला बघून तात्या चक्क गडबडले आणि अंगणातल्या ओल्या पोत्यावर पटकन बसले!

"काय हुडकायलास, उत्तम?"

"काई न्हाई. तुमी खाली का बसलाव? बाज हाय की."

"पाय दुखायलेत."

"उठा बरं जरा."

"नगं म्हन्तो ना! घरी जाय बाबा."

पोत्याखालून पितळेची कड चमकत होती! मी आरोळी ठोकली. चिखल उपसायचं सोडून दहा-पंधरा माणसं जमली. तात्यांना बाजूला करून मी परात डोक्यावर धरली.

"काठावर नाव हाय! वाचतो, ऐका समदे!"

आणि खणखणीत आवाजात वाचलं, "चि. सौ. कां. अनुसया हिस... आईकडून."

अनुसया म्हणजे तात्यांची बायको. शेवटच्या शब्दाला माझा आवाज पार बसला होता.

बारा वर्षांपूर्वी पोरीच्या बारशाला आम्ही हीच परात मागून आणली होती. मग ती सापडेना. तात्या मागायला आले तेव्हा मी मारुतीची आण घेऊन म्हणालो, "दिली की!" महिन्याभरानं ती कणगीमागे सापडली. पण शपथ आधीच झाली होती! म्हणून ती तिथंच राहिली, आणि अनुसयाकाकूंनी आमच्या घरचा चहा सोडला. आज पुरानं ती कणगीमागून काढून, पत्ता न विचारता घरपोच केली होती.

"म्हनूनच बसलो होतो की रे तिच्यावर," तात्या हळूच म्हणाले. "गुपचूप घरात घेतली असती. आरोळी तूच ठोकलीस."

काकू बाहेर आल्या. पदरानं परात पुसली, आईच्या अक्षरांवरून बोट फिरवलं.

"तुजी परात बाभळीत अडकलीय, काढून ने," त्या म्हणाल्या. "आन् सुमनला म्हनावं, चा टाक. लय वर्सांचा राहिलाय."

संध्याकाळी काकू खरंच चहाला आल्या. कपबशी मात्र स्वतःची आणली होती, आणि जाताना आठवणीनं परत नेली.