बाभळीचे अडथळे

मलकापूरच्या आमच्या शाळेत अडथळ्यांच्या शर्यतीसाठी खरे अडथळे नव्हतेच. ड्रिलमास्तरांनी बैलगाड्या करणाऱ्या सुताराकडून बाभळीच्या चौकटी करून घेतल्या आणि बैलांचे खुंटे ठोकावेत तशा मैदानात ठोकून टाकल्या. त्या जागच्या हलत नसत. पाय लागला की नडगी सोलून निघायची आणि मग हळद लावून लंगडत फिरायचे. म्हणून मी वीतभर वरूनच उडायला शिकलो. तसाच जिल्ह्यात पहिला आलो.

नागपूरच्या स्पर्धेत माझ्या शेजारच्या पट्ट्यात एक विक्रमवीर होता. त्याचा फोटो मी पेपरातून कापून ठेवला होता. त्याचा पाय पहिल्याच अडथळ्याला लागला. अडथळा आडवा झाला आणि हा गडी तसाच पुढे! वाटेत आणखी दोन पाडून तो जिंकला. मी एकालाही न शिवता शेवटचा आलो आणि वर त्याला बाद कधी करतात याची वाट बघत उभा राहिलो.

तो हसला. "पडला तं पडू दे न बे! एवढ्या वरून काऊन उडून राह्यला?"

असा संताप आला मास्तरांचा!

पुढच्या वर्षी शाळेत पडणारे अडथळे आले. आज एक तरी पाडायचाच, असे मी रोज ठरवायचो. ऐनवेळी अंग वीतभर वर जायचेच. बघणारे टाळ्या वाजवायचे.

मास्तरांनी बाभळीच्या चौकटी उपटून चुलीत घातल्या. माझ्या नडगीतल्या उपटायला कोणी आले नाही.